म्युनिकचे एक तळघर

म्युनिकहून परतलेला आपल्याकडील प्रवासी काय सांगणार, हे आता जवळजवळ ठरून गेले आहे. मारीएनप्लाट्झ चौकातील मनोऱ्यावरच्या नाचत्या बाहुल्या, इझार नदीचे हिरवट पाणी, इंग्लिश गार्डनमधील गर्द झाडी, चित्रशाळा, आणि शरद ऋतूतील तो बिअरचा सुप्रसिद्ध उत्सव, एवढी नावे घेतली गेली की सांगणारा व ऐकणारा दोघेही संतोष पावतात. उत्सवाचा काळ सोडला तर बाकीचे मीही पाहिले, आणि ते पाहण्याजोगे आहे ह्याविषयी माझा मुळीच वाद नाही. परंतु ज्या स्थळाविषयी लिहिण्याचे मी योजिले आहे, ते माझ्याजवळच्या मार्गदर्शक पुस्तकात नव्हते. एका तेवीस मजली इमारतीचे ते तळघर. आणि तेथे पाहण्यासारखे आता काहीही उरलेले नाही.

तेथे मी का गेलो हे सांगावयाचे, तर घरातली गोष्ट थोडी उघडी करणे प्राप्त आहे. माझ्या थोरल्या बंधूंचा मुलगा, आमच्या एकत्र कुटुंबातील सर्वांत धाकटा, म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात शिकला व तेथेच एका कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागला. चार वर्षे सुरळीत गेली. गेल्या दिवाळीत त्याचा फोन आला की, आपण यापुढे आठवड्यातून अडीच दिवसच नोकरी करणार असून उरलेल्या वेळात आपण व आपला एक जर्मन जोडीदार असे दोघे मिळून नृत्यसंगीताची एक तबकडी तयार करणार आहोत. आणि हे संगीत सगळे विजेच्या यंत्रांवर होणार आहे. आमची आई नव्वदीच्या घरात आहे. तिने एवढेच विचारले, “म्हणजे तो गातो का?” गात नाही, असे कळल्यावर, “मग वाजवतो का?” तेही म्हणजे तसे नव्हे, असे कळल्यावर ती गप्प बसली. दादा मात्र गप्प बसले नाहीत. त्यांनी पन्नास वर्षे पहाटे उठून तंबोऱ्यावर खर्ज लावला आहे. त्यांच्या मुलाने संगीताकडे वळावे आणि तेही असल्या संगीताकडे, ह्यात त्यांना दैवाची काही तरी थट्टाच दिसली असावी. मी आयुष्यभर महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकविले, तेव्हा यंत्रांतले मला कळते, असा त्यांनी तर्क केला. “तू जाऊन ये,” ते म्हणाले, “आणि त्याला चार समजुतीच्या गोष्टी सांग.” ह्याप्रमाणे जूनमध्ये मी म्युनिकला पोहोचलो.

मुलगा वाद घालणारा नाही. मी विषय काढताच तो म्हणाला, “काका, आपण बोलूच. पण आधी एका ठिकाणी जाऊन येऊ, आणि मग तुम्ही काय सांगायचं ते सांगा.”

म्युनिकच्या भुयारी रेल्वेचा चौथा मार्ग शहराच्या मध्यभागातून निघून इझार नदीच्या खालून पूर्वेस बोगनहाउझेन भागाकडे जातो. शेवटून दुसऱ्या स्थानकाचे नाव रिखार्ड श्ट्राउस मार्ग असे आहे, आणि शेवटचे आराबेल्लापार्क. श्ट्राउस हा संगीतकार १८६४ साली ह्याच शहरात जन्मला; आणि ‘आराबेल्ला’ हे त्याच्याच एका संगीतनाटकाचे नाव. वर येऊन पाहतो तो एक चौक ‘रोझेनकाव्हालियर’च्या नावाचा, एक रस्ता ‘एलेक्ट्रा’च्या नावाचा. आपल्याकडे एखाद्या नव्या वसाहतीत सौभद्र मार्ग काढून त्यास मानापमान चौक जोडावा, तसा हा प्रकार. कल्पना रम्य आहे; मात्र मानापमान चौकात बिऱ्हाड करण्यास आपल्याकडे किती कुटुंबे तयार होतील, ह्याची मला शंका वाटते.

त्या नाटकी नावांच्या मधोमध आराबेल्लाहाउस उभे आहे. १९६६ ते १९६९ ह्या काळात ते बांधले गेले. लांबच लांब, भिंतीसारखे, खिडक्यांच्या एकसारख्या रांगांचे. बिऱ्हाडे, हॉटेल, डॉक्टरांचे दवाखाने, कचेऱ्या असे सर्व काही एका छपराखाली सामावून घेणारे ते प्रचंड घर आहे, आणि त्यास सुंदर म्हणण्याचे धाडस मला होत नाही. जवळच एका बँकेचा रुपेरी मनोरा आहे, तो निदान चमकतो तरी.

“हेच का?” मी विचारले.

“हेच. पण वर नाही, खाली,” असे म्हणून त्याने पायाखालच्या फरशीकडे बोट केले.

ह्या तळघरात, १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत, जॉर्जिओ मोरोडर नावाच्या गृहस्थाने ‘म्युझिकलँड’ नावाचे ध्वनिमुद्रणगृह थाटले. मोरोडरचा जन्म १९४० सालचा, इटलीच्या उत्तर टोकाशी असलेल्या डोंगराळ मुलुखातील ओर्तिसेई गावचा. हे खोरे राज्याने इटलीचे, शेजाराने जर्मनभाषिकांचे, आणि घरातील बोलीने लादिन नावाच्या तिसऱ्याच एका जुन्या भाषेचे. लाकडी खेळण्यांनी आपल्या सावंतवाडीचे नाव झाले आहे, तसे लाकडात कोरलेल्या साधुसंतांच्या मूर्तींनी व बाहुल्यांनी त्या खोऱ्याचे नाव शेकडो वर्षे चालत आले आहे. तेथून गिटार घेऊन निघालेला हा तरुण हॉटेलांतून वाजवीत वाजवीत म्युनिकला येऊन स्थिरावला. त्याचा जोडीदार पीट बेलॉट हा इंग्रज, १९४३ चा. तोही एका वाद्यवृंदाबरोबर जर्मनीत आला आणि तेथेच राहिला. दोघांचेही हे शहर जन्माचे नव्हे, आणि दोघांची मातृभाषाही एक नव्हती.

ह्या संगीतात ‘प्रोड्यूसर’ ज्याला म्हणतात, तो म्हणजे कोण, हे मला त्या फरशीवर उभे राहूनच प्रथम नीट समजले. तो गाणारा नव्हे, नेहमी वाजविणाराही नव्हे, आणि नाटक मंडळीचा पैसेवाला मालक तर नव्हेच. कोणता ध्वनी कोठे यावा, किती वेळ राहावा व कशाच्या शेजारी बसावा, हे ठरविणारा तो. पंक्तीला बसलेल्यांस वाढपी दिसतात. मीठ केव्हा पडले आणि चूल केव्हा मंद झाली, हे ज्या आचाऱ्याच्या हाती होते, तो दिसत नाही. आईच्या दोन प्रश्नांना आम्हां कोणालाच उत्तर देता आले नव्हते, ते ह्यामुळे.

मोरोडर व बेलॉट ह्यांच्या एका आरंभीच्या गीताचे नाव ‘सन ऑफ माय फादर’, म्हणजे ‘माझ्या बापाचा मुलगा’, असे होते. १९७२ साली एका इंग्रज मंडळीने ते गाइले आणि ते इंग्लंडात पहिल्या क्रमांकावर गेले. हे नाव सांगताना पुतण्याने माझ्याकडे न पाहता समोरच्या मनोऱ्याकडे पाहिले. मीही मनोऱ्याकडेच पाहिले.

तिसरी व्यक्ती डॉना समर. ही बोस्टन येथील कृष्णवर्णीय गायिका १९६८ साली एका अमेरिकन संगीतनाटकाच्या जर्मन प्रयोगात काम करण्यासाठी म्युनिकला आली, तेथील भाषा शिकली आणि सोमर नावाच्या एका ऑस्ट्रियन नटाशी विवाहबद्ध झाली. त्या आडनावाचेच पुढे ‘समर’ झाले. ह्या तिघांनी १९७५ साली जे पहिले जगप्रसिद्ध गीत केले, त्याविषयी कुटुंबात वाचल्या जाणाऱ्या मासिकात अधिक न लिहिणे इष्ट होय. मला ज्याविषयी लिहावयाचे आहे ते दोन वर्षांनंतरचे, १९७७ सालचे. त्या वर्षीच्या त्यांच्या संग्रहाची योजना बेलॉटची होती: प्रत्येक गीताने गतकाळातील एकेका दशकाची आठवण द्यावी. इंग्रज कादंबरीकार अँथनी पॉवेल ह्याची काळाच्या नृत्याविषयीची दीर्घ कादंबरीमाला तो त्या दिवसांत वाचीत होता, त्यातून त्यास हे सुचले. मागचे सारे काळ आळवून झाल्यावर शेवटचे गीत मात्र पुढच्या काळाचे असावे, असे ठरले. आणि पुढच्या काळाचे म्हणजे माणसाच्या हाताने वाजविलेले वाद्य त्यात असता कामा नये, असे मोरोडरने ठरविले. त्या गीताचे नाव ‘आय फील लव्ह’, म्हणजे ‘मला प्रेम जाणवते’.

यंत्र होते रॉबर्ट मोग ह्या अमेरिकन शोधकाचे. हे नाव रोमन लिपीत पाहून आपल्याकडील पुष्कळ लोक त्यास ‘मूग’ म्हणतात. परंतु खुद्द त्या गृहस्थांस ‘मोग’ हाच उच्चार मान्य होता, आणि मूग गिळून बसण्याचा गुण त्यांच्या यंत्रात नाहीच. कोंकणीत ‘मोग’ म्हणजे प्रेम. ही गंमत मी पुतण्यास सांगितली, तेव्हा तो इतक्या मोठ्याने हसला की हॉटेलच्या दाराशी उभा असलेला द्वारपाल आमच्याकडे पाहू लागला. प्रेमाचे गाणे मोगावर रचले गेले, आणि रचणाऱ्यांना ह्याचा पत्ताही नव्हता!

हे यंत्र म्हणजे जुन्या टेलिफोन कचेरीसारखे लाकडी कपाट, खुंट्यांनी व लोंबत्या तारांनी भरलेले. तत्त्व मात्र निर्मळ आहे, आणि वर्गात ते शिकविण्यास मला फार आवडले असते: विद्युद्दाब एक व्होल्टने वाढविला की स्वर बरोबर एक सप्तक वर चढतो. दाबांची एक मालिका एकदा जुळवून ठेवली, की यंत्र ती स्वरावली न थकता पुनःपुन्हा म्हणत राहते. मोरोडरजवळ हे मोठे यंत्र नव्हते. म्युनिकमधील संगीतकार एबरहार्ड श्योनर ह्यांच्या मालकीचे ते होते, आणि त्यांचा साहाय्यक रॉबी वेडेल ते घेऊन आला. आता खरी मौज येथे आहे. पुढच्या काळाचे हे यंत्र तापले की स्वर सोडीत असे! काही क्षणांचे मुद्रण करावे, तो सूर घसरलेला. पुन्हा जुळवावे, पुन्हा काही क्षण मुद्रित करावे. पावसाळी हवेत बैठक मध्येच थांबवून तंबोरा जुळवीत बसलेले दादा माझ्या डोळ्यांसमोर उभे राहिले. सूर जुळविण्याचा व्याप ह्या यंत्राने चुकविला असेल, अशी माझी समजूत होती. ती तेथेच गळून पडली.

दुसरी अडचण ह्याहून बिकट होती. एकावर एक असे अनेक ध्वनी निरनिराळ्या वेळी मुद्रित करावयाचे, तर ते सर्व एका लयीत कसे राहावेत? यंत्राला समेची जाणीव नसते. येथे वेडेलने एक युक्ती सांगितली. सोळा पदरांच्या त्या ध्वनिफितीचा एक पदर रिकामा ठेवून त्यावर केवळ काळ मोजणारे ठोके भरावेत, आणि पुढील प्रत्येक वेळी यंत्राने त्या ठोक्यांस बांधून घेऊन चालावे. आपले हे यंत्र असेही करू शकते, ह्याची मोरोडरला कल्पनाच नव्हती, आणि श्रेय वेडेलचे आहे हे तो पुढे मोकळेपणाने सांगत आला. तबल्याच्या एकल वादनात सारंगीवर लेहरा धरून बसलेला वादक असतो. ऐकणाऱ्याचे लक्ष त्याच्याकडे जात नाही, परंतु तो सुटला की सर्वच सुटते. वेडेलने ती सारंगी यंत्रासाठी निर्माण केली.

तिसरी गोष्ट ऐकून तर मी फरशीवरून बाजूच्या बाकावर जाऊन बसलो. सगळे काही यंत्रातून काढावयाचे असा पण होता ना? पण नाचणाऱ्यांची पावले ज्याच्यावर पडावयाची तो मोठ्या ढोलाचा ठोका यंत्रातून मनासारखा निघेना. पोकळ निघे. शेवटी कीथ फोर्सी नावाच्या इंग्रज ढोलवादकास बोलाविण्यात आले, आणि बाकीचे एकही वाद्य न वाजविता त्याने केवळ पायाने तो एक ठोका सरळ, एकसारखा वाजविला. यंत्रयुगाचे पहिले नृत्यगीत म्हणून जगाने जे डोक्यावर घेतले, त्याच्या तळाशी एका माणसाचा पाय आहे.

आणि तो सुप्रसिद्ध धावता मंद्र स्वर? यंत्रात वाजतो तो त्याच्या निम्माच. प्रत्येक स्वर किंचित उशिराने पुन्हा उमटेल अशी प्रतिध्वनीची योजना करून मूळ स्वर डाव्या बाजूस व प्रतिध्वनी उजव्या बाजूस ठेवलेला आहे. दोन्ही कानांनी ऐकले तर घोडा चौखूर धावल्याचा भास होतो. नृत्यगृहात एकाच बाजूच्या कर्ण्याजवळ उभे राहिले, तर अर्धेच ऐकू येते. पुतण्याने आपल्या कानांतील ऐकण्याच्या गुंड्या मला दिल्या आणि एक काढून पाहावयास सांगितले. मी काढली. घोडा लंगडला. पुन्हा घातली, तो धावू लागला. असे मी चार-पाच वेळा केले असेल; माझ्या वयाच्या माणसाने भर रस्त्यात करण्याजोगे ते नव्हते.

गीताचे शब्द कसे झाले, ह्याची हकीकत बेलॉटने स्वतः सांगितली आहे आणि ती आपल्या घरांतून आवडण्याजोगी आहे. शब्द दोघांनी मिळून लिहावयाचे म्हणून तो एके दिवशी संध्याकाळी डॉना समरच्या घरी गेला. ती दूरध्वनीवर आपल्या ज्योतिष्याशी बोलत होती. मामला हृदयाचा होता व ग्रहांचा कौल घेणे चालले होते. थोड्या वेळाने येते, थोड्या वेळाने येते, असे करता करता रात्र झाली. तोवर खाली बसलेल्या बेलॉटने शब्द एकट्यानेच लिहून संपविले. भविष्यकाळाचे गीत अशा रीतीने पत्रिकेच्या सल्लामसलतीत पुरे झाले. ते इंग्लंडात चार आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिले. बर्लिनमध्ये काम करीत असलेला ब्रायन ईनो ती तबकडी हाती घेऊन धावत आला आणि पुढली पंधरा वर्षे नृत्यगृहांचे संगीत ह्याच ध्वनीने बदलून जाईल असे म्हणाला, असे त्याचा मित्र डेव्हिड बोवी ह्याने सांगून ठेवले आहे. भाकीत कमी पडले. पंधरा वर्षे केव्हाच उलटली आणि तो ध्वनी अद्यापि चालूच आहे.

तळघराचे पुढे काय झाले? रोलिंग स्टोन्स, लेड झेपेलिन, क्वीन अशा मोठमोठ्या मंडळ्या तेथे येऊन गेल्या. मग १९८८ साली भुयारी रेल्वेचा हा मार्ग आराबेल्लापार्कपर्यंत आला. गाड्यांची घरघर जमिनीतून भिंतींत व भिंतींतून ध्वनिफितींत शिरू लागली, आणि १९९० नंतर लवकरच ध्वनिमुद्रणगृह बंद पडले. ज्या गाडीने आम्ही हे स्थळ पाहावयास आलो, तिनेच ते नाहीसे केले होते. परतीच्या वाटेवर फलाटावर उभा असता गाडी येण्याआधी पायांस जो थरकाप जाणवतो, तो मी प्रथमच लक्ष देऊन अनुभवला.

दुसऱ्या दिवशी मी एकटाच इझारच्या बेटावरील डॉइचेस म्युझियममध्ये गेलो. सीमेन्स कंपनीने १९५० नंतरच्या दशकात ह्याच शहरात उभारलेले विद्युत्संगीताचे दालन तेथे जपून ठेवलेले आहे. भोके पाडलेल्या कागदी फितीवरून यंत्राने स्वर काढावयाचे, अशी त्याची रचना. जुन्या तारखात्याची आठवण व्हावी असे ते सर्व आहे. मोरोडरच्या आधी वीस वर्षे ह्या गावात हे चालले होते, म्हणजे त्या तळघरातील प्रकार आभाळातून पडलेला नव्हता. संग्रहालयातून पाय निघत नव्हता, पण तो भाग दुसऱ्या लेखाचा आहे.

आता मूळ कामाकडे वळतो. पुतण्या व त्याचा जोडीदार ह्यांची खोली पूर्व स्थानकामागील कारखान्यांच्या भागात आहे, आणि तीही तळघरातच. पूर्वी येथे बटाट्याच्या गोळ्यांचे पीठ करणारा फान्नी नावाचा मोठा कारखाना होता. तो गेल्यावर १९९६ पासून काही वर्षे त्या शेडांतून नृत्यगृहे चालली, आणि अलीकडे तेथे कचेऱ्या, खाणावळी व कलावंतांच्या खोल्या झाल्या आहेत. एका इमारतीच्या छपरावर गवत लावून मेंढ्या पाळल्या आहेत. मी ह्यावर विश्वास ठेवला नव्हता. परंतु मान वर करून पाहिले, तो खरोखरच एक मेंढी खाली पाहत होती.

जोडीदार हा एका पाववाल्याचा मुलगा. रात्री दोन वाजता त्यास वडिलांच्या भट्टीवर हजर व्हावे लागते, म्हणून रात्री नऊच्या पुढे तो काम करीत नाही. जोड्यांवर पिठाची पुसट पांढुरकी कायमची. त्याने “ग्र्युस गॉट” म्हणून माझे स्वागत केले. बव्हेरियातील हा नमस्कार देवाचे नाव घेऊन केलेला असतो, आपल्या रामरामाप्रमाणे. मला तो फार आवडला. पुतण्याने माझी ओळख ‘काका’ अशी करून दिली नाही, ‘ओंकल’ अशी करून दिली. ‘काका’ ह्या शब्दाचा जर्मन बालभाषेतील अर्थ त्याने मला पुढे एकांतात सांगितला. तो येथे देता येत नाही.

फळीवर एका तबकडीचे वेष्टन उभे करून ठेवले होते. चरणजित सिंग, मुंबई, १९८२. डिस्कोच्या ठेक्यावर दहा राग. हिंदी चित्रपटांतून वाजविणाऱ्या ह्या वादकाने त्या साली केवळ विजेच्या यंत्रांवर भैरव, ललत, बैरागी असे राग बसविले. त्या वेळी त्यांस फारसे कोणी विचारले नाही. २०१० साली हॉलंडातून ती तबकडी पुन्हा निघाली, तेव्हा आपल्या काळाच्या किती पुढचे हे काम, म्हणून युरोपात तिचा बोलबाला झाला. २०१५ साली चरणजित सिंग मुंबईतच वारले. १९८२ साली मी पुण्यात होतो, रेडिओ ऐकत होतो, मुंबईस महिन्यातून एकदा जात होतो. हे नाव मला म्युनिकच्या तळघरात पाववाल्याच्या मुलाने सांगावे!

त्या दोघांची तबकडी जवळजवळ पुरी झाली होती. एका गोष्टीवरून तीन आठवडे अडली होती. ती मला ऐकविण्यात आली. प्रथम बराच वेळ काही नाही. मग दुरून येणारा तंबोरा. मग त्याच्या खालून हळूहळू वर येणारा ठोका. तंबोरा मी ओळखला. आमच्याच घरातला, माजघरालगतच्या खोलीतला, मिरजेचा. गेल्या वर्षी सुटीत आला असता पुतण्याने पहाटे शेजारच्या खोलीतून तो मुद्रित करून घेतला होता. तिसऱ्या आवर्तनानंतर दादा खोकतात. पहाटेच्या घशातला तो कोरडा, आवरलेला खोकला आमच्या घरी घड्याळासारखा मानला जातो. त्यावर आई उठत असे.

भांडण ह्या खोकल्याचे होते. पुतण्याने तो यंत्राने पुसून स्वच्छ केला होता. जोडीदाराने तो परत आणून बसविला होता. पुतण्याचे म्हणणे, सूर निर्मळ हवा. जोडीदाराचे म्हणणे, हा माणूस काढलास तर उरते ते कोणत्याही यंत्रात मिळते. दोघेही माझ्याकडे पाहू लागले. त्यांना निवाडा पाहिजे होता. आणि मी समजुतीच्या चार गोष्टी सांगावयास इतका लांब आलो होतो!

मी विचारले, “दादांना विचारलंय का?”

पुतण्याने मान खाली घातली. जोडीदारास मराठी येत नाही, परंतु त्यासही प्रश्न कळला असावा. तो उठून चहा करू लागला.

म्युनिकचे सहा वाजले होते. पुण्यात साडेनऊ, जेवणे आटोपून दादा झोपाळ्यावर बसण्याची वेळ. मी फोन लावला. मुलगा कसा आहे, खातो काय, बोललास का त्याच्याशी, एवढे झाल्यावर मी त्यांना सर्व सांगितले. आडपडदा ठेवला नाही. खूप वेळ पलीकडून झोपाळ्याच्या कड्यांचा आवाज तेवढा येत राहिला. मग तोही थांबला.

“तंबोरा कोणता घेतलाय त्यानं?”

“मिरजेचा, दादा. मधल्या खोलीतला.”

“पंचम बरोबर लागलाय का?”

मी खरे ते सांगितले. पंचम केसभर उतरलेला होता.

“मग ते वापरू नका म्हणावं,” दादा म्हणाले. “चार दिवस पाऊस आहे इथं. हवा सुकली की मी नीट जुळवून देतो. त्याला म्हणावं, काय ते घ्यायचं यंत्र पाठवून दे. आणि दार लावून घेतलं नाही तरी चालेल, पण आधी सांगायचं.”

पुतण्या समोर उभा होता. निरोप मी त्यास शब्दशः दिला. खोकल्याविषयी दादा काही बोलले नव्हते, आणि मीही विचारले नव्हते.